लोह्यापर्यंत हनुवटी आत

टेलिफोनवर कुणी काही विचारलं तर मी मान हलवून उत्तर देत असे. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं फारसं हसायला मिळणार नाही. चाळिशीला टेकलेली, बी.एस्सी. बी.एड. झालेली बाई होते मी. लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. बोटाला काटा टोचला की निरोप मेंदूकडे कसा धावतो, ते फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी काढून दाखवायचे. पण आपली हललेली मान तारेतून नांदेडला पोचत नाही, हे काही त्या शहाण्या बाईच्या मेंदूकडे धावलं नव्हतं.

पलीकडे सर असायचे. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एका टोकाला व्यायामाने उपचार करायची खोली होती, तिथं ते होते. पाटीवर फिजिओथेरपी लिहिलेलं. लोक मात्र 'शेकाची खोली' म्हणायचे आणि सर दर वेळी दुरुस्त करायचे, "शेक न्हाई. शेक म्हणजे लाड. इथं काम करावं लागतं."

माझी मान कशी गेली ते सांगायला हवं. भूकंपानंतर चार-पाच वर्षांत लातुरात राहत्या घरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या. गावोगावची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायची आणि ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं असायचं. दर आठवड्याला परीक्षा, दर परीक्षेचे गठ्ठे. मी घरी मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर पेपर आणि पेपरात नाक अशी बसायची. दिवसा फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात. आधी मानेत कळ यायची, मग ती खांद्यात उतरली, मग उजव्या हातात मुंग्या. एक दिवस हृदयाची आकृती काढताना खडू हातातून आपोआप सुटला. पोरांना वाटलं, मॅडम रागावल्या. पोरं चिडीचूप. मीही रागावल्याचं सोंग केलं.

सोंग करण्यावाचून इलाज नव्हता. यांची गिरणी बंद पडलेली, घर माझ्या खडूवर चालायचं. आमचे संचालक मोठे गोड बोलणारे. म्हणायचे, "मॅडम, मुलं तुमच्याकडे बघत नाहीत, फळ्याकडे बघतात. फळा रिकामा दिसता कामा नये." बाहेरगावाहून दोन तरुण मास्तर येऊन त्यांच्या केबिनबाहेर बसूनही गेले होते. डॉक्टरांनी दिलेला मानेचा पट्टा मी पर्समध्ये ठेवायची आणि क्लासची पायरी उतरल्यावर घालायची. मानेचं दुखणं उघडं पडलं की फळा गेला, आणि फळा गेला की सगळंच. डॉक्टर तर पुढं-मागं ऑपरेशनही म्हणाले होते.

कुणीतरी सरांचं नाव सांगितलं म्हणून नांदेडला गेले. उंच, वाळका, बुशशर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. त्यांनी मला बसवलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मी पर्स खांद्यावरून कशी काढते, हाक मारल्यावर मागं वळून कशी बघते. मग हात धुतले, बोटांनी मणका न् मणका चाचपला, गुडघ्यावर मारायची ती छोटी हातोडी माझ्या कोपरावर मारून पाहिली.

"कुठून आलात?"

"लातूरहून."

"कशानं?"

"एसटीनं."

"मग कशाला आलात? मी इथं तासभर सरळ करून देतो, अन् गाडी लोह्याला जाईस्तोवर पुन्हा वाकडं करून टाकते. आता यायचं न्हाई. फोन करायचा."

मला वाटलं, हा माणूस मला कटवतोय. मी जरा पुणेरी सूर लावला. "टेलिफोनवरून मान कशी बरी होईल?"

"मान तुम्ही बरी करणार. माझं काम सांगायचं. सांगायला हात लागत न्हाईत बाई, तोंड लागतं. अन् कान."

तेव्हापासून दिवेलागणीला मी क्लासजवळच्या एसटीडी बूथवरून नांदेडला फोन लावू लागले. घरी फोन नव्हता, क्लासच्या फोनवर बोलायची सोय नव्हती. बूथमध्ये काचेचं उभं खोकं आणि त्याचं दार कधी नीट न लागणारं. बाहेर आईला फोन करायला आलेल्या पोरांची रांग, त्यातली निम्मी माझीच. कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन.

फोन नेहमी वहिनी उचलायच्या, सरांच्या पत्नी. "थांबा हां, हात धुऊन राहिलेत."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, फोनवरच्या पेशंटला कशाला हात धुवायचे?"

"मी पण तेच विचारून थकले. म्हणतात, सवय मोडली की माणूस बेफिकीर होतो. तिकडं भिंतीला पाठ लावून उभे बी राहिले बघा. तुमच्यासंगं सगळा व्यायाम स्वतः करतात. माझी मान दुखली की मात्र म्हणतात, विष्णुपुरीपर्यंत थांब. आमची गाडी काही कधी लोह्याला गेली न्हाई!"

विष्णुपुरी आणि लोह्याचं प्रकरण असं. सर आकडे मोजत नसत. व्यायामात मान एका जागी धरून ठेवायची असते, तिथं बाकीचे लोक एक, दोन, तीन म्हणतात. सर गावं म्हणायचे. नांदेडहून लातूरला निघालेली गाडी ज्या क्रमानं जाते त्याच क्रमानं.

"पाठ भिंतीला. हनुवटी आत. खाली न्हाई, आत! कोंबडी चालताना मान मागं घेते का न्हाई? तेवढ्यापुरती कोंबडी व्हा. हां. विष्णुपुरी... सोनखेड... लोहा. सोडा."

मी विचारलं होतं, आकड्यांनी काय घोडं मारलंय? म्हणाले, "आकडा म्हटला की माणूस पळत सुटतो. मला लवकर दहा करून दाखवतो. एसटी कुणाच्या बापाला पळवता येत न्हाई."

आणि खरंच येत नसे. सोनखेडच्या पुढं गाडी अशी रेंगाळायची की मानेमागचे स्नायू थरथरायला लागायचे. महिनाभरानं ते म्हणाले, "आज माळाकोळीवरून अहमदपूरला जाऊ. तिथं चहा." चहा म्हणजे मान सैल सोडून दीर्घ श्वास. पुढं शिरूर ताजबंद, चाकूर, आणि सगळ्यात अवघड व्यायाम थेट लातूर. एकदा मी खट्याळपणे म्हटलं, "सर, परतीचं तिकीट?" तर म्हणाले, "परत कशाला? घर लातूरला हाय ना तुमचं?"

त्यांची बाकीची वाक्यंही तशीच. पेपर मांडीवर ठेवते म्हटल्यावर, "कागद मानेकडे आणा. मान कागदाकडे नेऊ नका, तो काय देव हाय?" माहूरला देवीला जाऊ का विचारलं तर, "खुशाल जा. पण डोकं टेकवताना कमरेतून वाका, देवी समजून घेते." रिसीव्हर खांद्यात दाबून धरला की त्यांना माझ्या आवाजावरून कळायचं. "फोन हातात घ्या. खांदा काय खुंटी हाय?" मी घरी यांना त्यांची नक्कल करून दाखवायची. हे पोट धरून हसायचे. मी त्या माणसाच्या जिवावर मान सरळ करत होते आणि त्याचीच नक्कल करून टाळ्या मिळवत होते. अशी होते मी.

पण नक्कल करायला सगळ्यात सोपं काय, तर त्यांचं पहिलं वाक्य. सर कधीही हॅलो म्हणायचे नाहीत. फोन हातात घेतला की म्हणायचे, "आवाज द्या." प्रश्न विचारला की पुन्हा, "आवाज द्या." तकलीफ किती? आवाज द्या. रात्री झोप? आवाज द्या. कारण मी मान हलवत असायची आणि त्यांच्या कानात नुसती खरखर. सुरुवातीला मला लाइनच खराब वाटली. मग वाटलं, सरांना कमी ऐकू येतं.

आता त्या संध्याकाळकडे येते.

खोक्याचं दार नेहमीसारखं उघडं. आणि झेरॉक्सच्या मशीनपाशी कोण उभं? स्वतः संचालक, दुसऱ्या दिवशीच्या पेपराच्या प्रती काढून घेताहेत. माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. कानात सर.

"हातात मुंग्या हायेत का अजून? खडू सुटतो का? आवाज द्या."

मुंग्या होत्या. खडू त्याच दिवशी दोनदा सुटला होता. मी मान हलवली. हो, हो, येतात. चांगली जोरात हलवली.

"आवाज द्या, मॅडम."

संचालक दोन हातांवर. मी तोंडभर हसून म्हटलं, "छे छे, अगदी छान आहे सर! काही नाही!" आणि हे म्हणताना मान हलवतच होते, हो, येतात म्हणून. माझ्या डोक्यात काय होतं ते आज मलाही धड सांगता येणार नाही. बहुधा असं, की शहाणा माणूस आहे, तोंडाचं सोडून मानेचं ऐकेल. त्या फोनवर खरं बोलत होती ती एकटी माझी मान.

सरांना आनंद झाला. "वा! मग आता जोराचा व्यायाम. तळहात कपाळाला लावा, हातानं मागं ढकला, डोक्यानं पुढं. कुणी हरायचं न्हाई. थेट लातूरपर्यंत." हातात मुंग्या असताना हा व्यायाम द्यायचा नसतो, हे मला नंतर कळलं. मी तो सकाळ-संध्याकाळ केला, मोठ्या निष्ठेनं. खोटं बोलून घेतलेलं औषध माणूस फार निष्ठेनं घेतो. दोन-तीन दिवसांत अशी सकाळ उगवली की उजवा हात लाकडाचा झाला होता आणि मान उशीवरून उचलेना. क्लासमध्ये माझ्या फळ्यापुढं त्या दोन मास्तरांपैकी एक उभा राहिला.

माझे फोन थांबले. आणि एका दुपारी दारात सर. लातूरच्या उन्हात घामानं भिजलेला बुशशर्ट, हातात कापडी पिशवी. पत्ता दवाखान्यातल्या माझ्या कागदावर होता. आत आले आणि पहिला प्रश्न, "पाणी कुठं हाय?" मी यांना प्यायला पाणी आणायला सांगितलं. त्यांना हात धुवायला हवं होतं.

हात धुऊन त्यांनी मान पाहिली, दंड पाहिला, एकेका बोटाची ताकद पाहिली. मग म्हणाले, "हे कालपरवाचं न्हाई. आधीचं हाय. मी विचारलं होतं तुम्हाला."

मी वातावरण हलकं करायला गेले. म्हटलं, "सर, मी मान हलवली होती की!"

सर खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खुर्चीनं त्यांना धरलं. यांनी आणलेला चहा निवत गेला. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली माणसं किल्लारीच्या बाजूला पाठवली, त्यात सर होते. एका गावात त्यांना ढिगाऱ्यांपाशी फिरून हाका मारायचं काम होतं. दगडमातीची घरं, वर माळवदाचा सगळा भार, सगळं खाली. दगडाला कान लावायचा आणि ओरडायचं, आवाज द्या. आवाज आला की तिथं माणसं लावायची. नाही आला की पुढं.

"एका घराशी मी लई हाका मारल्या. कान लावला. कायी न्हाई. मी म्हटलं, हितं कुणी न्हाई, पुढं चला. मीच म्हटलं. दुपारनंतर तिथलं लाकूड काढताना म्हातारी निघाली. गळ्यापर्यंत मातीत. तोंडात माती. जिती होती. पुढं दवाखान्यात माझ्याकडेच होती व्यायामाला. एक दिवस मला म्हणाली, रागानं न्हाई हां, अशीच म्हणाली. बाबा, तू हाक मारली ती ऐकली की मी. मान हलवून राहिले होते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, जेवढं पाहता येत होतं तेवढं.

"जवळ नात होती तिच्या," सर म्हणाले. "सकाळी जिती होती."

बाहेर रस्त्यावरून पोरं घोकत चालली होती, कसली तरी लॅटिन नावं.

"तवापासून मी समोरच्याला बोलता करतो. मला वाटलं होतं, आवाज आला की माणूस सापडला. तुमचा आवाज आला मॅडम, अन् तुम्ही सापडल्या न्हाईत."

ते उठले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लाकडाची उतरती फळी, घरच्या पाटाचा पाय कापून केलेली, पेपर डोळ्यांच्या उंचीला धरण्यासाठी. ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पहिल्यापासून. विष्णुपुरी." आणि एसटीनं परत गेले.

मी बरी व्हायला पावसाळा आणि हिवाळा गेला. पण त्याआधी, चालता-फिरता आल्यावर पहिल्याच दिवशी बूथवर गेले. तीच रांग, तेच उघडं दार. "आवाज द्या," सर म्हणाले, आणि मी त्या काचेच्या खोक्यातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हातात मुंग्या येतात सर! खडू सुटतो! फळ्यावर हात वर जात नाही!" रांगेतली पोरं थिजली. पलीकडे सर अगदी हळू म्हणाले, "हां. आता सापडल्या."

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या कानावर गेलंच. त्यांनी बोलावलं, गोड बोलले, आणि मोठी तुकडी त्या मास्तरांना दिली. मला लहान तुकडी ठेवली, तीही फळा भरलेला दिसेल या अटीवर. मी खुर्चीत बसून बोलायची आणि पोरं आळीपाळीनं फळ्यावर काढायची. त्यांनी हृदयाला पाच कप्पे काढले, मूत्रपिंडाला देठ काढला. पण फळा रिकामा राहिला नाही, आणि आमची चूलही. ऑपरेशन झालं नाही ते आजतागायत. मान कधी पूर्ण बरी झाली नाही, पण भांडखोर शेजारणीबरोबर जमवून घेतात तसं आमचं जमलं.

आता मी आजी. नातीनं मोबाइलवर मानेच्या व्यायामाचं जोडून दिलंय. आठवड्यातून एकदा पडद्यावर एक तरतरीत मुलगी येते. ती विचारते, "आजी, आज दुखतंय का?" मी मान हलवते आणि वर मोठ्यानं सांगते, "हो, दुखतंय!" ती हसते. "अहो आजी, ओरडू नका, दिसतंय मला." मुलगी चांगली आहे. आकडे मोजते, तेही भराभर. मी मनातल्या मनात सोनखेडलाच असते.

सरांचं पुढं काय झालं ते सांगते आणि थांबते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वहिनींचा फोन आला. तोवर माझ्या घरी फोन बसला होता, चित्र दिसणारे फोन मात्र दोन्ही घरी नव्हते. म्हणाल्या, "मॅडम, दवाखान्यातला मुलगा येऊन शिकवून जातो, पण हे करतच न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. मी गावं म्हणून बघितली, माझ्या तोंडून न्हाई ऐकत. आता हात नाही हलवला तर आखडून जाईल म्हणून सांगितलंय. तुम्ही म्हणता का? मी फोन त्यांच्या कानाला धरते, दुसऱ्या हातानं त्यांचा हात उचलते."

मी हात धुऊन आले. का, ते विचारू नका. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, हनुवटी आत घेतली.

"सर," मी म्हटलं. आणि सवयीनं पुढचं तोंडातून निघून गेलं, "आवाज द्या." जीभ चावली, पण शब्द गेला होता नांदेडला.

पलीकडे खरखर.

"विष्णुपुरी," मी म्हटलं. थांबले. "सोनखेड." त्यांच्यासारखी रेंगाळले. "लोहा."

काही नाही. श्वाससुद्धा नाही. मला वाटलं, ते पुन्हा भिंतीकडे वळले असतील. वाटलं, आपण आजारी माणसाला छळतोय. "सर? ऐकू येतंय का?" पुन्हा खरखर. मी रिसीव्हर कानापासून काढला आणि खाली ठेवायला लागले, तेवढ्यात त्यातून वहिनींचा आवाज आला.

"ठेवू नका हो, ठेवू नका! मान हलवून राहिलेत ते, कधीचे. तुम्हाला दिसत न्हाई, मला दिसून राहिलं ना. चला, लोह्याच्या पुढं घ्या गाडी."